पिशव्या वेळेवर पोहोचल्या, हाडे मात्र ठिसूळ झाली



धडगाव तालुक्यातील ज्या बहिणीसाठी आपण गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून प्रार्थना करत आहात, आणि जिच्या पोटाच्या डायलिसिसचा खर्च आपल्यापैकी अनेकांच्या अर्पणातून चालतो, तिचे मनगट या जून महिन्यात मोडले. ती पडली नव्हती. हातपंपावर भरलेली कळशी उचलून कमरेवर घेताना मनगटात कट्‌ असा आवाज झाला, एवढेच. तिचे वय 38 आहे. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मला म्हणाले, "ताई, ही तर सत्तरीतल्या बाईची हाडं दिसतात."

डायलिसिस नीट चालू होते. पिशव्या एकदाही चुकल्या नव्हत्या. पोटात जंतुसंसर्ग झाला नव्हता, आणि कुडाच्या घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी ही लहान गोष्ट नाही. मग हाडांना काय झाले? हा प्रश्न घेऊन मी तिच्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जे समजावले त्यात आमच्या कार्याचीही एक चूक निघाली. ती पुढे सांगते. आपल्यापैकी कितीतरी जण अशा रुग्णांच्या भेटीला जातात, त्यांच्यासाठी वस्तू पाठवतात, म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन मांडत आहे.

पोटाचे डायलिसिस म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात. आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, त्याला पेरिटोनियम म्हणतात. बेंबीच्या खाली एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार-सहा तास ठेवायचा आणि मग काढून टाकायचा. तेवढ्या वेळात रक्तातील घाण आणि जादा पाणी त्या पडद्यातून द्रवात उतरते. मशीन नको, वीज नको. 1976 साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी ही पद्धत मांडली. आपल्याकडे प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाला तो मशीनवरच्या डायलिसिससाठी. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे 2019 मध्ये आली. आमच्या डोंगरातल्या माणसाला आठवड्यातून तीनदा चांदसैली घाट उतरून तळोद्यामार्गे नंदुरबार गाठायचे आणि परत यायचे, तेही पावसाळ्यात दरडी कोसळत असताना, हे जमणारे नाही. त्याच्यासाठी घरी होणारे हे डायलिसिस खरोखर वरदान आहे. या बहिणीला दिवसाला तीन पिशव्या लागतात. महिन्याला 90 पिशव्या, म्हणजे 180 लिटर द्रव. जीप जाते तिथपर्यंत जीपने आणि पुढे गावातल्या तरुणांच्या खांद्यावरून ही खोकी तिच्या घरी पोहोचतात. पिशवी बदलण्याचे काम तिचा नववीत शिकणारा मुलगा करतो. हात धुणे, तोंडाला मास्क, दार बंद, सगळे अगदी काटेकोर.

तरीही हाडे झिजली, कारण किडनीची सगळी कामे पिशवी करत नाही.

किडनी म्हणजे लघवी तयार करणारा अवयव, एवढेच आपण शाळेत शिकलो. पण किडनी हाडांचीही कारभारीण आहे. शेतकऱ्यांना खताच्या गोणीवरचे नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द माहीत असतात. त्यातले स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. पिकात तो असतो, म्हणून आपल्या अन्नात असतो आणि अन्नातून आपल्या अंगात येतो. शरीराला तो हवाच. हाडांतली मुख्य खनिजे कॅल्शियम आणि फॉस्फरस हीच आहेत. गरजेपेक्षा जास्त आलेला फॉस्फरस निरोगी किडनी रोज लघवीतून बाहेर टाकते. किडनी निकामी झाली की तो रक्तात साठू लागतो.

किडनीचे दुसरे काम आपल्याला फारसे माहीत नसते. उन्हामुळे त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. ते आधी यकृतात आणि मग किडनीत जाऊन 'जागे' व्हावे लागते. जागे झालेले ड जीवनसत्त्वच आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते. आमची ही बहीण आयुष्यभर उन्हात राबलेली. अंगाला ऊन भरपूर मिळाले, पण ते जीवनसत्त्व जागे करणारी किडनी राहिली नाही. त्यात पोटाच्या डायलिसिसची आणखी एक अडचण आहे. काढून टाकलेल्या द्रवाबरोबर रोज साधारण 5 ते 10 ग्रॅम प्रथिने वाहून जातात, आणि ड जीवनसत्त्वाला रक्तातून वाहून नेणारे प्रथिनही त्यात असते. म्हणजे साठाही गळतो आणि तो वापरणारा कारागीरही नाही.

आता रक्तात फॉस्फरस वाढला आणि कॅल्शियम कमी पडले. गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातले कॅल्शियम कमी होऊ द्यायचे नाही, एवढीच त्यांची नोकरी. कारण कॅल्शियमशिवाय स्नायू चालत नाहीत, हृदयही चालत नाही. त्या पीटीएच नावाचे संप्रेरक सोडतात आणि ते हाडांना हुकूम देते: कॅल्शियम काढून द्या. शरीरातील 99 टक्के कॅल्शियम हाडांत असते. आपल्या घरातल्या कणगीसारखेच ते. दुष्काळाच्या दिवसांत कणगीतून थोडे धान्य काढले तर बिघडत नाही, पुढच्या सुगीला ती भरते. पण इथे सुगी येतच नाही. ग्रंथी महिनोन्‌महिने हुकूम सोडत राहतात, त्या स्वतःही फुगत जातात आणि हाड आतून पोकळ होत जाते. शिवाय हाडातून कॅल्शियम निघते तेव्हा फॉस्फरसही निघतो. निरोगी माणसात पीटीएच किडनीला सांगते की हा जादा फॉस्फरस बाहेर टाक. इथे ऐकायला किडनीच नाही. तो पुन्हा रक्तात राहतो आणि चक्र आणखी जोरात फिरते.

याची दुसरीही बाजू आहे, आणि पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णांत, विशेषतः मधुमेही आणि वयस्क रुग्णांत, ती बरीच दिसते. पिशवीतल्या द्रवातच कॅल्शियम असते. द्रव जास्त कॅल्शियमचा असेल, वर कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील, तर पीटीएच अगदी खाली जाते आणि हाड 'झोपते'. हाड ही मेलेली वस्तू नाही. कुडाच्या घराला जसे वेळोवेळी लिंपावे-सारवावे लागते तसे ते रोज थोडे मोडते आणि थोडे नव्याने बांधले जाते. झोपलेल्या हाडात हे लिंपणे बंद पडते आणि बारीक तडे तसेच राहतात. म्हणून पीटीएच जितके कमी तितके चांगले, असेही नाही. केडीगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शनानुसार डायलिसिसच्या रुग्णाचे पीटीएच निरोगी माणसाच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट या पट्ट्यात ठेवायचे असते. पट्टा रुंद आहे, आणि आकडा वर जातो आहे की खाली हे बघणे जास्त महत्त्वाचे. पिशवीतल्या कॅल्शियमचे प्रमाण पिशवीवरच छापलेले असते. ते लिटरला 1.25 ते 1.50 मिलिमोल असावे, असे हीच संस्था सुचवते.

याच संस्थेने 2006 मध्ये या सगळ्या बिघाडाला एकच नाव द्यायला सुचवले, ते सीकेडी-एमबीडी, म्हणजे किडनीच्या जुनाट आजारातील खनिजे आणि हाडांचा विकार. नाव लांबलचक आहे, पण त्यामागचा विचार मला पटला. बिघाड एकट्या हाडांचा नाही. रक्तात घुटमळणारे कॅल्शियम आणि फॉस्फरस कुठे तरी जाऊन बसतात, आणि बसतात ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयाच्या झडपांवर. हाडात असावा तो चुना नसांमध्ये. डायलिसिसचे बरेच रुग्ण किडनीने नव्हे तर हृदयाच्या आजाराने जातात, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे. यहेज्केलाच्या शुष्क हाडांच्या खोऱ्यावर मी बायकांच्या सभेत किती वेळा बोलले असेन. जिवंत माणसाची हाडे आतून कशी सुकतात हे मात्र मला चाळिशीनंतर कळले.

आता आमची चूक.

फेब्रुवारीत आम्ही तिच्या गावात आरोग्य शिबिर घेतले. गुडघे दुखतात, कंबर दुखते असे सांगणाऱ्या प्रत्येक बाईला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. हिलाही दिल्या. शिवाय अशक्त दिसते म्हणून दूध पावडरचा मोठा डबा दिला. एका मंडळीच्या महिला संघाने ते डबे प्रेमाने पाठवले होते. हाडे दुखतात तर कॅल्शियम द्या, अंगात शक्ती नाही तर दूध द्या. यात चूक काय असेल, असे मलाही वाटले. ती डायलिसिसवर आहे हे मला माहीत होते. तिच्या डॉक्टरांना एक फोन करायचे मात्र सुचले नाही.

मनगट मोडल्यावर तपासणी झाली. फॉस्फरस 8.1 आला; निरोगी माणसात तो 2.5 ते 4.5 असतो. पीटीएच हजाराच्या वर होते, वरची मर्यादा 65 च्या आसपास असते. डॉक्टरांनी तिच्या औषधांचा डबा मागवला. त्यात त्यांनी दिलेल्या सेवेलामरच्या गोळ्या होत्या आणि शेजारी आमच्या कॅल्शियमच्या. नवरा म्हणाला, "साहेब, एकपण गोळी चुकवली नाही. पहाटे उठल्या उठल्या देतो, दुपारी देतो, रात्री देतो."

खरी गोष्ट इथे होती. ती पहाटे काही खातच नाही. कोरा चहा घेते. त्यांच्या घरी जेवण दोनदा: दहा-अकराच्या सुमारास भाकर आणि दिवस मावळल्यावर पुन्हा भाकर-दाळ. दुपारची गोळी दोन वाजता, पोट रिकामे असताना. रात्रीची झोपताना, जेवून दोन तास झाल्यावर. सेवेलामरसारख्या गोळ्या रक्तात जाऊन काम करत नाहीत. त्या आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला पकडतात आणि त्याला घेऊन शौचावाटे बाहेर जातात. ताटातल्या अन्नाबरोबर पोटात गेल्या तरच पकडायला काही असते. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी वाया गेली म्हणून समजा. हेच काम कॅल्शियमची गोळीही करू शकते, डॉक्टर काहींना ती त्यासाठीच देतात. पण तीही जेवणाबरोबरच. रिकाम्या पोटी घेतली तर कॅल्शियम रक्तात शिरते आणि मग नसांत जाऊन बसण्याची भीती. चिठ्ठीवर 'दिवसातून तीनदा' लिहिले होते. 'तीनदा जेवणाऱ्याने' हे कोणी लिहीत नाही.

डायलिसिस फॉस्फरस काढते ना, मग गोळीची गरज काय, असे मी विचारले. डॉक्टरांनी कागदावर ढोबळ हिशेब मांडून दाखवला. दिवसभराच्या जेवणातून 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात गेला, तर त्यातला साधारण 600 रक्तात उतरतो. पोटाचे डायलिसिस दिवसाला 300 च्या आसपास काढते. उरलेला 300 कुठे जाणार? लघवी थोडी होत असेल तर तिच्यातून काही जातो, बाकी साठतो. आज 300, उद्या 300. पिशव्या वाढवून हे भागत नाही, कारण फॉस्फरस बहुतेक हाडांत आणि पेशींत असतो आणि तिथून रक्तात हळूहळूच येतो. राहिलेली लघवी टिकवणे म्हणूनच मोलाचे आहे. अंगदुखीसाठी गावात मिळणारी इंजेक्शने आणि दुखण्याच्या गोळ्या तीच लघवी बंद पाडू शकतात. 'वात झालाय' म्हणून त्या सर्रास घेतल्या जातात.

आता जेवणाबद्दल. फॉस्फरस कमी करायचा म्हणून जेवणच कमी करा, असे सांगून चालत नाही. रोज प्रथिने वाहून जातात, ती भरून काढायचीच असतात, नाहीतर माणूस वाळत जातो. आणि प्रथिने जिथे तिथे फॉस्फरस. मधला मार्ग काढावा लागतो. मला दिलासा याचा वाटला की आमच्या लोकांचे घरचे जेवण यात फारसे दोषी नाही. ज्वारी-मक्याच्या भाकरीत, डाळीत फॉस्फरस असतो, पण तो अशा रूपात बांधलेला असतो की माणसाच्या आतड्याला त्यातला निम्म्याहून कमीच मिळतो. दूध, मांस, मासे यांतला त्यापेक्षा जास्त उतरतो. सुक्या मासळीत तो भरपूर आणि वर मीठ. सर्वांत वाईट तो कारखान्यात मिसळलेला. काळी कोल्ड्रिंक्स, झटपट नूडल्स, पॅकबंद सॉसेज, काही बिस्किटे, डब्यातली पेये. यांतला फॉस्फरस जवळजवळ सगळाच्या सगळा, नव्वद टक्क्यांहून जास्त, रक्तात जातो. आणि नेमक्या याच वस्तू पाहुणे घेऊन येतात. आजाऱ्याला बघायला जाताना हातात बिस्किटाचा पुडा, कोल्ड्रिंकची बाटली, हा आपला प्रेमाचा रिवाज आहे. मीही तेच केले आहे.

मग द्यायचे काय? अंड्याचा पांढरा भाग. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि फॉस्फरस नाममात्र. तो जवळजवळ सगळा पिवळ्या बलकात असतो. डाळ किंवा मांस एकदा उकळून ते पाणी फेकले आणि मग शिजवले तर बराच फॉस्फरस निघून जातो. आमच्या बायांना हे पटायला वेळ लागला. उडदाच्या दाळीचे पाणी फेकायचे म्हणजे पाप, असेच सगळ्यांचे तोंड झाले होते.

तिच्या घरी बसून आम्ही नवे वेळापत्रक केले. तिची बोली पावरी, माझी मराठी, मध्ये तिचा मुलगा. डॉक्टरांनी गोळ्या दोन जेवणांत वाटून दिल्या. आता गोळीचा डबा औषधाच्या फळीवर नसतो, चुलीजवळ भाकरीच्या टोपलीत असतो. भाकर काढली की गोळी हाताला लागते. आमच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद. ड जीवनसत्त्वाचे 'जागे' रूप म्हणजे कॅल्सिट्रिऑल, ते डॉक्टर फॉस्फरस खाली आल्यावरच सुरू करणार होते, कारण ते कॅल्शियमबरोबर फॉस्फरसचे शोषणही वाढवते. कोणीही दुकानातून ड जीवनसत्त्वाची पाकिटे आणून अशा रुग्णाला देऊ नये. पित्तावरची पांढरी पातळ औषधेही नकोत. त्यांतल्या अनेकांत ॲल्युमिनियम असते, किडनीविना ते बाहेर पडत नाही आणि हाडांत जाऊन बसते.

सप्टेंबरच्या तपासणीत फॉस्फरस 5.9 आला. पूर्ण बरोबर नाही, पण उतार आहे, प्रभूची स्तुती असो. कॅल्सिट्रिऑल सुरू झाले आहे. पीटीएच अजून बरेच वर आहे. ते उतरले नाही तर ग्रंथींवर काम करणारे महागडे औषध, नाहीतर गळ्याची शस्त्रक्रिया, असे डॉक्टर म्हणाले. मनगट जुळले, पण किंचित वाकडे. पाणी आता तिची नणंद भरते.

भेटीला जाणाऱ्यांनी काही गोष्टींवर लक्ष ठेवावे. उकिडवे बसलेला रुग्ण हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकतो का? मांड्या, कंबर, टाचा दुखतात का? अंगाला सतत खाज येते का? आणि पोटावर किंवा मांडीवर अतिशय दुखणारा जांभळा-काळा डाग किंवा जखम दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पण ही लक्षणे उशिरा येतात. हाडाचा बिघाड रक्ताच्या तपासणीत कितीतरी आधी दिसतो. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाचे कॅल्शियम आणि फॉस्फरस दर एक ते तीन महिन्यांनी आणि पीटीएच दर तीन ते सहा महिन्यांनी तपासायचे असते. आमच्या या बहिणीचे पीटीएच डायलिसिस सुरू झाल्यापासून जूनपर्यंत एकदाही झाले नव्हते. पिशव्यांसाठी अर्पण मागताना आम्ही या तपासणीचा खर्च धरलाच नव्हता. या तिमाहीपासून तो धरला आहे, तसेच सेवेलामरचाही. त्यामुळे दर रुग्णामागे लागणारी रक्कम वाढली आहे, हे अर्पण पाठवणाऱ्या मंडळ्यांनी कृपया लक्षात घ्यावे.

तिची पुढची पीटीएच तपासणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तिच्यासाठी, आणि पिशवी बदलून शाळेत धावणाऱ्या तिच्या मुलासाठी प्रार्थना करा. नाताळात तरुण संघ कॅरल गात त्या पाड्यावर जाणार आहे. त्यांना सांगणे एवढेच की केक आणि बिस्किटांची पाकिटे नेऊ नका, डझनभर अंडी न्या. पांढरे ती खाईल, बलक मुलगा खाईल.